परतीचा दोर राखून : दूरस्थ लिनक्स यंत्रांची चाचणी



ज्या यंत्राची चाचणी घ्यावयाची ते यंत्र डोळ्यांसमोर नसणे, ही आजच्या संगणक व्यवस्थेतील नित्याची स्थिती होय. मुख्यालयात बसलेला कर्मचारी शंभर-दोनशे किलोमीटरवरील सर्व्हरला आज्ञा देतो. त्या सर्व्हरच्या खोलीला कुलूप असते, किल्ली कोणा तिसऱ्याच माणसाकडे असते आणि तो माणूस बहुधा रजेवर असतो. अशा यंत्राशी असलेले नाते एका तारेचे असते. तार शाबूत आहे तोवर सर्व अधिकार हातात असतात; ती तुटली की अधिकारी आणि वाटसरू यांत काही अंतर उरत नाही.

अशा यंत्रांपैकी फार मोठा वाटा लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ती प्रथम प्रकाशित केली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सवाचून चालणारा एकही संगणक राहिलेला नाही. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने उभारलेले अलीकडचे ‘परम’ संगणकही लिनक्सवरच चालतात. परंतु आजचा विषय महासंगणकांचा नव्हे. तो आहे कार्यालयांतून, रुग्णालयांतून, बँकांच्या शाखांतून मुकाट्याने चालणाऱ्या साध्या सर्व्हरांचा आणि त्यांच्या बाबतीत वारंवार पडणाऱ्या एका प्रश्नाचा : दुरून दिलेली आज्ञा तेथे खरोखर अंमलात येते की नाही, हे पाहण्यासाठी कोणत्या सेवेला हात लावावा?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण आधी हात लावण्याची गरजच का पडते, ते पाहणे उचित ठरेल. नुसते पाहण्याच्या चाचण्या पुष्कळ आहेत. यंत्र हाकेला ओ देते का, लॉग-इन होते का, अमुक सेवा चालू आहे का, हे विचारल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. सिस्टिमडी ही सेवांचा कारभार पाहणारी व्यवस्था २०१० साली पुढे आली आणि २०१४-१५ च्या सुमारास रेडहॅट, डेबियन व उबुंटू या प्रमुख वितरणांनी तिचा स्वीकार केला. तिला ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ असे विचारले की सेवेची स्थिती, ती केव्हापासून चालू आहे आणि तिच्या प्रक्रियेचा क्रमांक, ही माहिती समोर येते. सामान्य वापरकर्त्यालाही ती मिळते.

आणि नेमके येथेच फसगत होते. पाहण्याचा अधिकार सर्वांना असतो. बदलण्याचा अधिकार निराळा असतो. अनेक यंत्रांचा कारभार एका ठिकाणाहून करणाऱ्या अ‍ॅन्सिबलसारख्या साधनाने चाळीस सर्व्हरांना हाक मारली आणि चाळिसांनी उत्तर दिले, तर लॉग-इन होते आणि पलीकडे पायथॉन आहे, एवढेच सिद्ध होते. प्रशासकाच्या अधिकाराने केलेले काम त्या यंत्रावर मान्य होईल की नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी काहीतरी प्रत्यक्ष बदलून पाहावे लागते, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे एखादी सेवा पुन्हा सुरू करून पाहणे. अपघातही बहुधा याच पायरीवर होतात.

नवखा कर्मचारी सहसा ज्या सेवेचे नाव तोंडपाठ आहे तीच निवडतो, आणि ती असते एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तातू युल्योनेन यांनी १९९५ मध्ये सुरक्षित लॉग-इनची ही पद्धत तयार केली. आज दूरस्थ लिनक्स यंत्रात शिरण्याचे ते मुख्य दार होय. चाचणीसाठी ही सेवा निवडणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे. यातील धोका मात्र लगेच दिसत नाही, म्हणून तो अधिक फसवा आहे. सेवा पुन्हा सुरू केली तरी आधीचे चालू लॉग-इन तुटत नाही. समोरची खिडकी जशीच्या तशी उघडी राहते. कर्मचारी समाधानाने ती बंद करतो. कॉन्फिगरेशन फाइलीत एखादी चूक असेल, तर नवे दार उघडलेलेच नसते आणि जुने त्याने आपल्याच हाताने लावून घेतलेले असते. एसएसएचला हात लावणे अपरिहार्यच असेल, तर ‘एसएसएचडी’ आज्ञेला ‘टी’ हा पर्याय देऊन फाइलीची तपासणी आधी करून घ्यावी, पहिली खिडकी उघडीच ठेवावी आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉग-इन होऊन पाहावे. तानाजी मालुसरे यांच्या मागे कोंढाण्यावर परतीचे दोर कापण्याची जी कथा मराठी मुलाला शाळेत ऐकावयास मिळते, तिचे शौर्य वादातीत आहे. पण सर्व्हरच्या कामात ती अनुकरणीय नाही.

जी गोष्ट एसएसएचची, तीच जाळ्याच्या जोडणीची व फायरवॉलची. फायरवॉल पुन्हा सुरू होताना आपले नियम फाइलीतून नव्याने वाचते. मध्यंतरी कोणी हाताने घातलेला, पण फाइलीत न उतरवलेला नियम त्याबरोबर नाहीसा होतो. आणि बाहेरच्या माणसाला आत घेणारा नियम नेमका तोच असू शकतो.

दोर तुटण्याची दोन उदाहरणे सर्वश्रुत आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जगभरच्या केंद्रांना जोडणाऱ्या जाळ्याची क्षमता किती उपलब्ध आहे, हे पाहण्यासाठी नेहमीच्या देखभालीत एक आज्ञा दिली गेली. तिचा हेतू केवळ अंदाज घेण्याचा होता. परिणाम मात्र असा झाला की सर्व केंद्रांचा आपापसातील संबंधच तुटला. अशा चुकीच्या आज्ञा अडविण्यासाठी असलेल्या तपासणी साधनात दोष असल्यामुळे त्यानेही ती अडविली नाही. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद राहिले. दुरुस्तीची दूरस्थ साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले, आणि तेथील कडक सुरक्षा व्यवस्थेतून आत शिरण्यातही वेळ गेला.

दुसरे उदाहरण पृथ्वीबाहेरचे आहे. ते यंत्र लिनक्सवर चालत नाही, पण दूरस्थ या शब्दाचा अर्थ त्याच्याइतका दुसरे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. २१ जुलै २०२३ रोजी ‘व्हॉयेजर २’ या यानाला पाठविलेल्या आज्ञांच्या मालिकेतील चुकीमुळे त्याचा अँटेना पृथ्वीपासून दोन अंशांनी दूर वळला आणि संपर्क थांबला. यान त्या वेळी सुमारे १९९० कोटी किलोमीटर अंतरावर होते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील केंद्रातून अतिशय प्रबळ संदेश पाठविण्यात आला आणि ४ ऑगस्ट रोजी यान पुन्हा बोलू लागले. तथापि या प्रसंगातील अधिक बोधप्रद भाग वेगळाच आहे. तो प्रबळ संदेश पोहोचला नसता तरी १५ ऑक्टोबरला यान आपण होऊन आपली दिशा पृथ्वीकडे वळवून घेणार होते. वर्षातून काही वेळा असे करण्याची आज्ञा त्याला आधीच देऊन ठेवलेली होती. ज्याला हात लावता येत नाही अशा यंत्राकडे कोणाच्याही मदतीशिवाय पूर्वस्थितीवर येण्याचा मार्ग असावा, हे त्याच्या निर्मात्यांनी ओळखले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. निरुपद्रवी सेवा ओळखावयाची कशी?

तिच्यावर दुसरे कोणी अवलंबून नसावे, ही पहिली कसोटी. सिस्टिमडीमध्ये एक सेवा दुसरीची अट घालू शकते; अट घातलेली सेवा पुन्हा सुरू केली की अट घालणारीही त्याबरोबर पुन्हा सुरू होते. ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज’ या आज्ञेला ‘रिव्हर्स’ हा पर्याय दिला म्हणजे त्या सेवेवर कोण टेकून उभे आहे, याची उतरंड दिसते. हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते, तरी ते पाहिले जात नाही हा अनुभव सार्वत्रिक आहे. विविध सेवांमधील निरोपांची ने-आण करणारी डी-बस ही वरवर अनोळखी सेवा पुन्हा सुरू केली, तर लॉग-इनची व्यवस्थाही त्यात सापडू शकते. डेटाबेसचे नाव तर चाचणीच्या संदर्भात उच्चारूही नये. रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला, मुख्यालयात कोणाची चाचणी चालू आहे याच्याशी काहीही कर्तव्य नसते.

दुसरी कसोटी अधिक सूक्ष्म आहे आणि अनुभवी मंडळीही तिच्याकडे दुर्लक्ष करतात. वर्षभर अखंड चाललेली सेवा वर्षापूर्वी वाचलेल्या कॉन्फिगरेशनवर चालत असते. दरम्यान कोणीतरी फाइल उघडून दोन ओळी बदललेल्या असतात, काम अर्धवट सोडून ती व्यक्ती बदलीवर गेलेली असते. सेवा चालू आहे तोवर त्या ओळी निद्रिस्त राहतात; पुन्हा सुरू केली की जाग्या होतात. म्हणजे पुनरारंभ ही नुसती ‘बंद करून चालू’ अशी क्रिया नव्हे. साठलेले सर्व बदल एका क्षणी अंमलात आणणारी ती क्रिया आहे. म्हणून ज्या सेवेला पुनरारंभातून नवे असे फारसे काही मिळत नाही, ती सेवा चाचणीस योग्य.

या दृष्टीने क्रॉन ही सेवा बहुतांशी उतरते. ठरल्या वेळी ठरलेले काम करणारा हा लिनक्समधील विश्वासू कारकून. तो दर मिनिटाला जागा होतो, कामाच्या याद्या बदलल्या आहेत का ते पाहतो, बदलल्या असतील तर त्या वाचून घेतो. त्यामुळे त्याला पुन्हा सुरू केले तरी याद्यांच्या बाबतीत नवे काही घडत नाही. डेबियन आणि रेडहॅट या दोन्ही घराण्यांत क्रॉनची मांडणी अशी आहे की मूळ सेवा थांबविली तरी तिने आधी सुरू करून दिलेली कामे मारली जात नाहीत. रात्रीचा बॅकअप चालू असताना क्रॉन पुन्हा सुरू केले तरी बॅकअप चालूच राहतो. त्यावर दुसरी सेवा अवलंबून असणे विरळाच.

तरीही काही पथ्ये आहेतच. मिनिट संपताना पुनरारंभ केला तर त्या मिनिटाचे काम हुकण्याचा संभव असतो. म्हणून मिनिटाच्या मध्यावर तो करावा. क्रॉन सुरू होताना यंत्राचा कालपट्टा लक्षात घेते. मध्यंतरी तो बदलला गेला असेल, तर पुनरारंभानंतर कामांच्या वेळा सरकतील. शिवाय नाव सर्वत्र एक नाही. डेबियन व उबुंटूमध्ये ती ‘क्रॉन’ आहे, तर रेडहॅटच्या घराण्यात ‘क्रॉनडी’. काही आटोपशीर मांडण्यांत ती बसविलेलीच नसते. एकाच नावाने चाळीस यंत्रांना आज्ञा दिली आणि दहांनी ‘अशी सेवा नाही’ असे कळविले, तर तो अधिकाराचा दोष समजून कोणी सुधारणा करू जाऊ नये.

क्रॉनऐवजी सुचविल्या जाणाऱ्या इतर सेवांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर घड्याळ जुळविणारी क्रॉनी निरुपद्रवी वाटते, परंतु प्रचलित मांडणीत ती सुरू झाल्यावर पहिल्या तीन जुळण्यांत एका सेकंदाहून अधिक फरक आढळल्यास घड्याळ एकदम पुढे-मागे करते, आणि व्यवहारांची वेळ नोंदविणाऱ्या यंत्रावर ही गोष्ट सोसवणारी नाही. नोंदी लिहिणारी आरसिसलॉग साध्या यंत्रावर चालेल. पण तेच यंत्र इतर यंत्रांच्या नोंदी गोळा करत असेल, तर मधल्या क्षणांतील काही नोंदी हरवतील. छपाईची कप्स थांबविली तरी तिच्या दाराशी बसलेले सॉकेट तिला पुन्हा उठविते, त्यामुळे ‘थांबली की नाही’ या चाचणीचे उत्तर भलतेच येते. आणि रेडहॅट घराण्यातील ऑडिटडी तर हाताने थांबविण्यास मुळातच नकार देते. अधिकार असूनही नकार मिळाल्यामुळे चाचणी घेणारा चक्रावून जातो.

इतकी पथ्ये पाहता सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे चाचणीसाठी स्वतःची एक सेवा निर्माण करणे. हा मार्ग लांबचा वाटतो, प्रत्यक्षात तो सहा-सात ओळींचा आहे. ‘स्लीप’ ही लिनक्समधील आज्ञा काहीही न करता नुसती झोपून राहते. तिला अमर्याद मुदत देऊन, अधिकार नसलेल्या एखाद्या वापरकर्त्याच्या नावे, सिस्टिमडीच्या फाइलीत सेवा म्हणून नोंदवावे. ही सेवा कोणाचेही काम करीत नाही, म्हणून ती थांबल्याने कोणाचेही काम अडत नाही. तिच्यावर सुरू करा, थांबवा, पुन्हा सुरू करा हे सर्व प्रयोग निर्धास्तपणे करता येतात. फाइलही ठेवावयाची नसेल तर ‘सिस्टिमडी-रन’ने तात्पुरती सेवा उभी करता येते, ती थांबली की तिचा मागमूस राहत नाही. अधिकारांच्या बाबतीतही या पद्धतीचा लाभ होतो. चाचणी घेणाऱ्या खात्याला सुडोच्या नियमांत केवळ या एका सेवेच्या पुनरारंभाची मुभा द्यावी. नियमांची ती फाइल ‘व्हिसुडो’नेच उघडावी; ते साधन फाइल जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासते. मात्र एक सेवा करता आली म्हणजे सर्व करता येतील, असा निष्कर्ष मग काढता येणार नाही.

या झोपाळू सेवेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती थांब म्हणताच थांबते. खऱ्या सेवा तशा थांबत नाहीत. हातातले काम आवरून मग थांबतात, आणि सिस्टिमडीची मूळ मुदत ९० सेकंदांची असते. तेव्हा आज्ञा पोहोचते आणि मानली जाते, एवढेच ही चाचणी सांगते.

चाचणी घेताना शब्दनिवडही महत्त्वाची. ‘थांबवा’ आणि मग ‘सुरू करा’ अशा दोन आज्ञा दुरून देऊ नयेत. दोहोंच्या मध्ये तार तुटली तर सेवा थांबलेलीच राहते. ‘रिस्टार्ट’ ही एकच आज्ञा द्यावी. ती एकदा सिस्टिमडीच्या हाती पडली की आज्ञा देणारा नाहीसा झाला तरी काम पूर्ण होते. याहून सावध आज्ञा ‘ट्राय-रिस्टार्ट’ ही. ती चालू असलेल्या सेवेलाच पुन्हा सुरू करते आणि स्थानिक माणसाने जाणूनबुजून बंद ठेवलेल्या सेवेची झोपमोड करीत नाही. आज्ञा यशस्वी झाल्याच्या संदेशावर विसंबू नये. प्रक्रियेचा क्रमांक आधीचा व नंतरचा ताडून पाहावा. तो बदलला असेल आणि सुरू झाल्याची वेळ आताची असेल, तरच पुनरारंभ झाला असे समजावे.

शितावरून भाताची परीक्षा हा नियम येथे पुरता लागू पडत नाही, कारण ही चाळीस शिते एका हंडीतील नसतात. कोणी २०१४ सालचे, कोणी गेल्या वर्षीचे, कोणावर दोन जणांनी वेगवेगळ्या काळात हात फिरविलेला. म्हणून प्रथम एक यंत्र, तेही ज्याच्याजवळ माणूस आहे असे. मग प्रत्येक प्रकारातील एकेक. आणि त्यानंतरच सर्व. जाळ्याशी संबंधित चाचणी टाळता येणारच नसेल, तर व्हॉयेजरप्रमाणे परतीची तरतूद आधी करावी. उबुंटूमधील ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा जाळ्याचे नवे कॉन्फिगरेशन लावते आणि १२० सेकंदांत कोणी होकार दिला नाही, तर जुने परत आणते. इतरत्र पंधरा मिनिटांनी यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होईल, अशी आज्ञा आधी देऊन ठेवता येते आणि सर्व सुरळीत झाल्यावर ती रद्द करता येते. केलेला बदल डिस्कवर जतन झाला नसेल, तरच हा उपाय कामी येतो, हे मात्र विसरू नये. आणि हे करण्यापूर्वी त्या गावी दूरध्वनी करावा. या सर्व खबरदाऱ्यांमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित असलेली खबरदारी हीच.

चाचणी आटोपल्यावर ती झोपाळू सेवा बंद करावी, तिची फाइल काढून टाकावी आणि सिस्टिमडीला ‘डेमन-रिलोड’ने फाइली पुन्हा वाचण्यास सांगावे. पुढील चाचण्यांसाठी ती ठेवावयाची असेल, तर कोणत्या कार्यालयाने, कोणत्या तारखेस आणि कशासाठी ती घातली, हे फाइलीतील ‘डिस्क्रिप्शन’ या ओळीतच मराठीत किंवा इंग्रजीत स्पष्ट लिहावे. दोन वर्षांनी नवा कर्मचारी त्या यंत्रावर येईल आणि या अनोळखी सेवेची स्थिती विचारील, तेव्हा पडद्यावर सर्वप्रथम तीच ओळ उमटेल.